फाशीचा कायदा, कापडाचं अक्षर: प्युरिटन वसाहतींत व्यभिचाराला शिक्षा कशी होई

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने १९०७ पासून चालत आलेला एक कायदा रद्द केला. लग्नाच्या जोडीदाराला सोडून दुसऱ्याशी संबंध ठेवणं त्या कायद्याने गुन्हा होता आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. बातमी वाचून अनेकांना आश्चर्य वाटलं ते कायदा गेल्याचं नाही, तो इतकी वर्षं होता याचं. अमेरिकेत, तेही न्यूयॉर्कमध्ये, असा कायदा?

अशा कायद्यांचा अमेरिकेतला इतिहास न्यूयॉर्कच्या कायद्यापेक्षा फार जुना आहे. तो सुरू होतो जवळपास चारशे वर्षांपूर्वी, बोस्टन आणि प्लिमथच्या किनाऱ्यावर वस्ती केलेल्या प्युरिटन लोकांपासून. आपल्यापर्यंत त्यांचं एकच चित्र पोचलं आहे: छातीवर लाल 'ए' अक्षर (व्यभिचाराला इंग्रजीत 'अडल्टरी' म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर) लावलेली एक बाई, हातात तान्हं मूल आणि समोर कुजबुजणारा जमाव. १८५० साली आलेल्या 'द स्कार्लेट लेटर' या अमेरिकन कादंबरीने ते जगभर नेलं. ते चित्र खरं किती, त्या काळी कायदा काय सांगत होता आणि प्रत्यक्षात काय घडत होतं, हे नीट पाहिलं की शिक्षा आणि लाज यांचं नातं बरंच वेगळं दिसायला लागतं.

प्युरिटन म्हणजे कोण?

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडचं स्वतंत्र चर्च उभं राहिलं. पण काही लोकांना हा बदल अर्धवट वाटत होता. चर्चमधून पोपच्या काळातल्या प्रथा, पोशाख, बिशपांची उतरंड हे सगळं काढून टाकावं आणि फक्त बायबलप्रमाणे चालावं, असं त्यांचं म्हणणं होतं. चर्च 'शुद्ध' करायला निघालेले म्हणून विरोधकांनी त्यांना चिडवण्यासाठी प्युरिटन म्हणायला सुरुवात केली. यातला एक लहान गट १६२० साली प्लिमथला उतरला. मोठा गट १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखाली आला आणि त्याने मॅसॅच्युसेट्स बे ही वसाहत उभारली, तिचं मुख्य गाव बोस्टन. पुढच्या दहा वर्षांत या सगळ्या भागात सुमारे वीस हजार माणसं आली.

एक गैरसमज इथेच दूर करू. हे लोक शरीरसुखाचे वैरी नव्हते. नवरा-बायकोंमधलं प्रेम आणि शरीरसंबंध त्यांना देवाची देणगी वाटत होते, ब्रह्मचर्याला ते पोपचं खूळ मानत. लग्न त्यांच्याकडे चर्चमध्ये लागत नसे, तो सरकारी करार होता आणि तो दंडाधिकाऱ्यासमोर होई. करार असल्यामुळे तो मोडताही येई. जोडीदाराने व्यभिचार केला तर घटस्फोट मिळण्याची सोय तिथे होती, इंग्लंडमध्ये त्या काळी ती नव्हती. म्हणजे लग्नाला त्यांनी फार वर ठेवलं होतं, आणि म्हणूनच ते मोडणाऱ्याला फार खाली ढकललं.

दोघांच्या खासगी गोष्टीत सगळ्या गावाचं काय जात होतं?

याचं उत्तर त्यांच्या 'करार' या कल्पनेत आहे. आपण सगळ्यांनी मिळून देवाशी एक करार केला आहे, असं ते मानत. आपण त्याच्या आज्ञेने चालू, तो आपल्याला या परक्या भूमीत सांभाळेल. यात महत्त्वाचा शब्द 'मिळून' हा आहे. बचत गटाच्या कर्जाचं उदाहरण घ्या. कर्ज एकीने काढलेलं असलं तरी हमी साऱ्या गटाची असते. तिने हप्ते थकवले की बाकीच्यांचीही पत जाते आणि मग गटातल्या बायका तिच्या दारात जाऊन बसतात, तिच्या घरखर्चाची चौकशी करतात. ती चौकशी चोंबडेपणाची नसते, त्यात प्रत्येकीचा स्वतःचा जीव अडकलेला असतो.

प्युरिटन गावाचं असंच होतं. एकाच्या पापाची शिक्षा देव सगळ्यांना देईल, अशी त्यांची खरीखुरी श्रद्धा होती. दुष्काळ पडला, रोगराई आली, मूळ रहिवाशांशी युद्ध पेटलं की ते उपवासाचा दिवस जाहीर करत आणि आपल्यात कुणाचं काय चुकलं याचा शोध घेत. शेजाऱ्याच्या दाराला आतून कडी का आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी सार्वजनिक सुरक्षेचा होता.

व्यभिचार म्हणजे नेमकं काय?

इथे कायद्याची व्याख्या नीट वाचायला हवी. विवाहित किंवा वाग्दत्त स्त्रीशी तिच्या नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाने ठेवलेला संबंध म्हणजे व्यभिचार. पुरुष विवाहित आहे की नाही याने फरक पडत नव्हता. विवाहित पुरुषाने अविवाहित मुलीशी संबंध ठेवले तर तो वेगळा, हलका गुन्हा ठरे. त्याला दंड, फटके, किंवा शक्य असेल तिथे त्या दोघांचं लग्न लावून देणं, इतकीच शिक्षा. गुन्हा ठरत होता तो स्त्रीच्या लग्नावरून.

ही व्याख्या बायबलच्या जुन्या करारातून आली. तिच्यामागे वंश आणि वारसा यांची काळजी आहे, आणि बायको ही नवऱ्याच्या हक्कातली, ही समजूतही. हे वाचून आपण नाक मुरडायची गरज नाही. भारतीय दंडविधानातलं कलम ४९७ हे १८६० पासून जवळपास याच पायावर उभं होतं: दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही! फरक इतकाच की आपल्याकडे बाईला शिक्षा नव्हती, बोस्टनमध्ये दोघांनाही होती. मुंबईतून गेलेल्या युसूफ अब्दुल अझीझ खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, आणि २७ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या निकालातला एक मोठा मुद्दा हाच होता की या कलमात स्त्री ही नवऱ्याची मालमत्ता धरली गेली आहे.

कायदा थेट फाशीचा

मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १६३१ मध्येच, वसाहत जेमतेम वर्षाची असताना, व्यभिचाराला दोघांनाही मृत्युदंड असा आदेश काढला. निमित्त होतं एका वसाहतवाल्याने मूळ रहिवासी समाजातल्या विवाहित स्त्रीला फूस लावायचा प्रयत्न केल्याचं. त्याला कडक फटके बसले आणि लगोलग पुढच्यासाठी हा नियम झाला.

पण १६३८ मध्ये जेव्हा तीन जण या आरोपात सापडले, तेव्हा न्यायाधीशच अडले. हा कायदा नीट जाहीर झालाच नव्हता, मग त्यावर जीव कसा घ्यायचा? तिघांना फटके मारून हद्दपार केलं, परत आलात तर मृत्यू, या अटीवर. पुढे १६४१ च्या लिखित संहितेत मृत्युदंडाच्या गुन्ह्यांची यादी आली, प्रत्येकापुढे बायबलमधला आधार लिहिलेला. व्यभिचार त्यात नवव्या क्रमांकावर होता.

त्याच संहितेत आणखी एक तरतूद होती, आणि पुढची सगळी कथा तिच्यामुळे वळण घेते. दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय, किंवा तितक्याच भक्कम पुराव्याशिवाय, कुणालाही मृत्युदंड द्यायचा नाही. हीसुद्धा बायबलचीच आज्ञा. आता दोन माणसांनी डोळ्यांनी पाहावा असा हा गुन्हा नाही. देवाच्या एका आज्ञेने फास टांगला आणि दुसऱ्या आज्ञेने तो वापरणं जवळपास अशक्य केलं.

जवळपास. पूर्णपणे नाही.

मेरी लेथम, वय सुमारे अठरा

विन्थ्रॉप रोजनिशी ठेवत असे आणि मार्च १६४४ मधली ही हकिगत त्याने तीत सविस्तर लिहिली आहे. मेरी लेथम चांगल्या, धार्मिक घरातली. तिचं एका तरुणावर मन होतं, त्याने तिला नाकारलं. दुखावलेल्या मुलीने शपथ घेतली की आता पहिला जो मागणी घालील त्याच्याशी लग्न करीन. आप्तांनी विरोध केला तरी तिने एका म्हाताऱ्याशी लग्न केलं. त्याच्याकडे ना सचोटी होती ना कर्तबगारी, आणि तिचं त्याच्यावर प्रेमही नव्हतं, हे खुद्द विन्थ्रॉपने नोंदवलं आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत अनेक तरुण तिच्याभोवती जमले, दारू आणि भेटी देऊ लागले. त्यांतलाच एक जेम्स ब्रिटन.

ब्रिटनला पुढे पक्षाघाताचा झटका आला. हा देवाचाच कोप, अशी भीती मनात बसली आणि त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं. मेरी तोवर प्लिमथच्या हद्दीत राहत होती. तिथल्या दंडाधिकाऱ्याने तिला बोस्टनला पाठवून दिलं. तिने सांगितलं की ब्रिटनने प्रयत्न केला, पण तसं काही घडलं नाही. साक्ष काय होती? इंग्लंडसाठी पाळलेल्या प्रार्थना-उपवासाच्या दिवशी संध्याकाळी ब्रिटनच्या घरी काही मंडळी रात्री उशिरापर्यंत पीत बसली होती आणि त्यानंतर ही दोघं घरापासून थोड्या अंतरावर जमिनीवर एकत्र दिसली, एवढंच. मेरी नवऱ्याच्या छातीला सुरी लावून त्याला शिव्या देई, असंही लोक सांगत होते. या सांगण्याचा मूळ आरोपाशी संबंध नाही, पण तिच्याविषयी मत बनवायला ते पुरेसं होतं.

काही न्यायाधीशांना हा पुरावा पुरेसा वाटला नाही, कारण प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार नव्हते. ज्यूरीने, म्हणजे लोकांमधून निवडलेल्या पंचांनी, तरीही दोषी ठरवलं. निकालानंतर मेरीने गुन्हा कबूल केला आणि आणखी बारा पुरुषांची नावं घेतली. त्यांतले दोन विवाहित होते. पाच जण पकडले गेले, बाकीचे निघून गेले होते. पाचांनीही नाकारलं. मृत्युदंड झालेल्या बाईच्या शब्दाखेरीज दुसरी साक्ष नाही, म्हणून त्यांच्यावर काही कारवाई होऊ शकली नाही.

मला ही ओळ वाचून पुढे जाता येत नाही. पुराव्याचा कडक नियम त्या पाचांना वाचवतो, तोच नियम मेरीच्या वेळी ज्यूरी वाकवते. कायदा एकच, खोली एकच.

ब्रिटनने जीव वाचवण्यासाठी अर्ज केला. काही न्यायाधीश त्याच्या बाजूने बोलले, व्यभिचाराला आजच्या काळात देवाच्या कायद्याने मृत्यू आहे का, असा मूळचा प्रश्नही त्यांनी काढला. अर्ज फेटाळला गेला. ब्रिटन बोस्टनच्या चर्चच्या कारभाराचा टीकाकार होता, हेही विन्थ्रॉप नमूद करतो. दोघांना फाशी झाली. मेरीने मरण्याआधी तिथे जमलेल्या तरुण मुलींना उपदेश केला: आईवडिलांचं ऐका, वाईट संगत टाळा.

आणि कॅप्टन जॉन अंडरहिल

चार वर्षं आधीची, त्याच बोस्टनमधली दुसरी हकिगत. जॉन अंडरहिल हा वसाहतीचा लष्करी अधिकारी, १६३७ च्या पीक्वॉट युद्धातला सेनानी. मिस्टिक इथे मूळ रहिवाशांची वस्ती जाळून टाकण्यात तो पुढे होता. एका शेजाऱ्याच्या तरुण, देखण्या, हसतमुख बायकोच्या घरी तो रोज जातो आणि दार आतून बंद असतं, अशी कुणकुण १६३८ मध्ये चर्चपर्यंत पोचली. त्याचं उत्तर होतं की ती बाई मनाने फार त्रासलेली होती, तिला धीर द्यायला मी जात होतो आणि दार बंद होतं तेव्हा आम्ही प्रार्थना करत होतो.

हे फार दिवस टिकलं नाही. चर्चने त्याला वाळीत टाकलं, न्यायालयाने हद्दपारही केलं होतं. सप्टेंबर १६४० मध्ये तो राज्यपालांचं अभयपत्र घेऊन बोस्टनला आला, प्रवचनाच्या दिवशी, म्हणजे सगळा गाव जमलेला असताना. एरवी झोकात राहणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यात जुने कपडे घालून आला. गळपट्टी नाही, मळकी टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. बाकावर उभं राहून, हुंदके देत त्याने आपला व्यभिचार आणि ढोंग सगळ्यांसमोर उघडं केलं. ती बाई सहा महिने आपल्याला नकार देत होती, हेही त्याने सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चर्चने त्याला परत घेतलं. मग तो त्या बाईच्या नवऱ्याकडे गेला आणि लोकांसमोर गुडघे टेकून क्षमा मागितली. लाकडी पिंपं बनवणाऱ्या त्या साध्या कारागिराने ती मोकळ्या मनाने दिली आणि खूण म्हणून कॅप्टनच्या बायकोला एक भेटवस्तू पाठवली.

आणि फाशी? न्यायालयाने त्याची हद्दपारी उठवली आणि जाहीर केलं की १६३१ चा कायदा आता लागू नाही, नवा कायदा त्याच्या गुन्ह्यानंतरचा आहे, म्हणून त्याच्या जिवाला हात लावता येत नाही. अंडरहिल पुढे बत्तीस वर्षं जगला, अनेक पदांवर राहिला.

या दोन हकिगती शेजारी ठेवून 'पुरुष सुटला, बाई मेली' असं एका ओळीत म्हणायचा मोह होतो. ते पुरतं खरं नाही, मेरीबरोबर ब्रिटनही फासावर गेला. पण एकाच्या मागे पद, तलवार आणि चर्चमधले मित्र होते. दुसऱ्या बाजूला नवऱ्याला शिव्या देणारी एक मुलगी आणि चर्चवर टीका करणारा एक आजारी माणूस होता. कायद्याची तांत्रिक वाट कुणासाठी शोधली जाते, हे अशा वेळी कळतं.

फाशी देववत नाही, सोडवतही नाही

१६४४ नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये व्यभिचारासाठी फाशी जवळजवळ थांबली. खटले मात्र थांबले नाहीत. ज्यूरींनी एक मधली वाट काढली. व्यभिचार सिद्ध होत नाही, पण 'व्यभिचाराला शोभेल असं वर्तन' सिद्ध होतं, असा निकाल त्या देऊ लागल्या. मग शिक्षा काय? फाशीच्या चौकटीखाली गळ्यात दोर अडकवून तासभर उभं राहायचं. दोराचं दुसरं टोक वरच्या तुळईवरून टाकलेलं. खाली लोक. तास संपला की दोर काढायचा, मग फटके.

यात शिक्षेचा सगळा अर्थ सामावला आहे. तुझ्या गुन्ह्याची खरी किंमत ही आहे, आम्ही ती आज वसूल करत नाही, पण तुला आणि बघणाऱ्यांना ती दिसली पाहिजे. माझ्या मते लाजेच्या शिक्षा तिथे दयेपोटी वाढल्या नाहीत, फाशीचा कायदा कागदावर ठेवून तो वापरण्याची हिंमत होत नसल्यामुळे त्या वाढल्या. इतका कठोर कायदा ज्यूरीच्या गळ्याखाली उतरत नाही. त्यामुळे त्याची जागा चौकाने घेतली.

शेजारच्या प्लिमथ वसाहतीत चौकाचा वापर आधीपासूनच होता. १६३९ मध्ये डक्सबरीच्या मेरी मेंडम हिला गाडीच्या मागे बांधून फटके मारत गावातून धिंड काढली आणि डाव्या बाहीवर खूण लावायला सांगितली. खुणेशिवाय दिसलीस तर तोंडावर डाग देऊ, अशी तंबी होती. तिच्याबरोबरचा पुरुष मूळ रहिवासी होता. त्याला गळ्यात दोर अडकवून खांबाशी फटके मारले.

अक्षर कुठून आलं?

कपड्यावर अक्षर लावायची शिक्षा व्यभिचारापासून सुरू झाली नाही. बोस्टनच्या न्यायालयाने १६३४ मध्ये रॉबर्ट कोल्स नावाच्या माणसाला वारंवार दारू प्यायल्याबद्दल पांढऱ्या कापडावर लाल 'डी' वर्षभर गळ्यात घालायला लावला होता. दारूडा या अर्थाचा इंग्रजी शब्द 'डी'ने सुरू होतो. प्लिमथमध्ये १६४१ साली व्यभिचाराबद्दल यार्मथच्या एका बाईला आणि एका पुरुषाला दोन गावांत फटके मारून बाहीवर 'एडी', म्हणजे 'अडल्टरी'ची पहिली दोन अक्षरं, लावायला सांगितलं, आणि १६५८ मध्ये तसा कायदाच झाला. लोक वाचू शकत होते म्हणून हे चाललं. प्युरिटनांना प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं असं वाटे, मुलांना वाचायला शिकवण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्सने १६४२ मध्येच केला होता. ज्या अक्षरओळखीने देवाचा शब्द कळावा, तिच्यातच शेजाऱ्याचं पाप वाचता येऊ लागलं.

कादंबरीतला प्रसिद्ध 'ए' १६४० च्या दशकातल्या बोस्टनमध्ये दाखवला आहे. पण तेव्हा बोस्टनचा कायदा फाशीचा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये 'ए' आला १६९४ साली. १६९१ च्या नव्या सनदेनंतर तिथले कायदे मंजुरीसाठी लंडनला पाठवावे लागत, आणि इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा व्यभिचाराला मृत्यू नव्हता. नव्या कायद्यात फाशी गेली आणि तिच्या जागी हे आलं: फाशीच्या चौकटीवर गळ्यात दोर घालून एक तास बसणं, तिथून तुरुंगाकडे नेताना जास्तीत जास्त चाळीस फटके, आणि त्यानंतर कायमचा, दोन इंच उंचीचा 'ए', कपड्याच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या कापडातून कापलेला, दंडावर बाहेरच्या बाजूला किंवा पाठीवर शिवलेला. अक्षराशिवाय दिसलं तर पुन्हा पंधरापर्यंत फटके. रंग लालच हवा असं कायदा म्हणत नव्हता, कपड्यावर उठून दिसला म्हणजे झालं. कनेक्टिकट वसाहतीने तर १६७० च्या दशकातच तापलेल्या लोखंडाने कपाळावर 'ए' डागण्याची तरतूद केली होती.

पण हे आपल्या जातपंचायतीसारखंच नाही का?

दिसायला तसं वाटतं, वाळीत टाकणं आहे, गावासमोर माफी आहे. पण रचना वेगळी होती. जातपंचायत सरकारी कायद्याच्या बाहेर, बऱ्याचदा त्याच्या विरोधात चालते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला तो त्यासाठीच. बोस्टनमध्ये फटके मारणारं न्यायालय हेच सरकार होतं. आणि चर्चला फटके मारण्याचा, दंड करण्याचा अधिकार नव्हता. पाद्री न्यायाधीश होऊ शकत नसे, आणि चर्चने वाळीत टाकलं म्हणून कुणाचं सरकारी पद जाणार नाही, असं १६४१ च्या संहितेत लिहिलेलं होतं. ज्यांना आपण धर्मराज्य म्हणतो त्यांनी हे दोन हात वेगळे ठेवले होते. अर्थात मत द्यायचा अधिकार चर्चच्या सभासद पुरुषांनाच असल्यामुळे दोन्ही हात एकाच शरीराचे होते, हेही विसरायला नको.

सगळा दोष प्युरिटनांचाच का?

लाजेची शिक्षा त्यांनी शोधली नाही, ती सोबत आणली. इंग्लंडच्या चर्चची न्यायालयं शतकानुशतकं व्यभिचाऱ्यांना पांढरी चादर गुंडाळून, हातात पांढरी काठी देऊन रविवारी सगळ्यांसमोर उभं करत आली होती. प्युरिटनांची तक्रार होती की ही शिक्षा फार हलकी आहे आणि पैसेवाले ती दंड भरून चुकवतात. राजाला हटवून इंग्लंडमध्ये त्यांच्या हातात सत्ता आली तेव्हा १० मे १६५० ला तिथल्या संसदेनेही व्यभिचाराला मृत्युदंड केला. तिथल्या ज्यूरींनीही तो क्वचितच लागू होऊ दिला आणि १६६० मध्ये राजा परतल्यावर तो कायदा संपला.

बोस्टनमध्येही लाजेची झळ फक्त प्रेमिकांना नव्हती. एडवर्ड पामर नावाच्या सुताराकडून गावाने १६३९ मध्ये खोडा बनवून घेतला, गुन्हेगाराचे पाय अडकवायची ती लाकडी चौकट. त्याने बिल जास्त लावलं, म्हणून दंड झाला आणि तासभर त्याच खोड्यात बसावं लागलं.

लाजेने काही साधलं का?

एक गोष्ट साधत होती, निदान सुरुवातीच्या पिढीत. चर्चमधल्या कबुलीजबाबाला शेवट होता. माणूस उभा राहिला, बोलला, सभासदांनी हात वर करून त्याला परत घेतलं की विषय मिटला. लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालेल्या जोडप्यांकडून अशी कबुली घेत आणि मग बाळाचा बाप्तिस्मा होई. पुढे ती चूक कुणी मनात धरतही नसे.

अक्षराच्या शिक्षेत नेमका हा शेवट काढून टाकला होता. १६९४ चा कायदा पश्चात्ताप झाला का विचारत नाही, अक्षर कधी उतरवायचं ते सांगत नाही. अनोळखी गावात गेलं तरी पाठ बोलत राहणार. पहिल्या पिढीचा सगळा भर माणसाला खाली पाडून परत कळपात आणण्यावर होता. त्यांच्या नातवंडांच्या कायद्यात पाडणं राहिलं आणि आणणं गेलं. म्हणून फाशी काढून टाकणारा हा कायदा मला सौम्य वाटत नाही.

आज कुणाचा तरी व्हिडिओ फिरतो तेव्हा 'हे प्युरिटनांसारखं झालं' असं लोक म्हणतात. तुलना करायचीच तर ती अंडरहिलच्या बाकाशी होत नाही, १६९४ च्या कापडाशी होते. बाकासमोर बसलेले लोक त्याला ओळखत होते आणि क्षमा करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. लाखभर अनोळखी माणसांपैकी असा अधिकार कुणाकडेच नसतो.

हे संपलं कसं?

हळूहळू, आणि कुठल्या एका चळवळीने नाही. अठराव्या शतकात बोस्टन बंदराचं शहर झालं, रोज नवे चेहरे येऊ लागले. एकमेकांच्या पापाची हमी घेणारा गाव उरला नाही. न्यायालयं कर्ज, जमीन, व्यापार यांच्या खटल्यांत बुडाली, आणि अशा प्रकरणांत मुख्य प्रश्न मुलाच्या पोटगीचा झाला, कारण नाहीतर तो खर्च गावावर पडे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा नव्याने लिहिला तेव्हा 'ए' गेला. फाशीच्या चौकटीवर बसवण्याची शिक्षा मात्र तेव्हाही ठेवली होती. पुढे तीही गेली, दंड आणि कैद राहिली. व्यभिचार हा गुन्हाच नाही, असं मॅसॅच्युसेट्सने ठरवलं ते २०१८ साली, कलम ४९७ गेलं त्याच वर्षी. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यात तो आजही गुन्हा आहे, खटले जवळपास होत नाहीत इतकंच.